प्रेसवरचा मॅग्नेटोस्ट्रिक्टिव्ह सेन्सर: आठ महिने वापरून

उद्यमनगरातल्या माझ्या शेडमध्ये ६३ टनी हायड्रॉलिक प्रेस आहे, कास्टिंगमध्ये बुश दाबायला. रॅम किती खाली आला हे कळायला आधी लिनिअर पॉट होता, म्हणजे पट्टीवर घासत जाणारा काटा. शेजारी फेटलिंगचं, म्हणजे कास्टिंगच्या कडा साफ करायचं, ग्राइंडिंग चालतं. ती काळी धूळ आत शिरायची आणि पाच-सहा महिन्यांत आकडे नाचायला लागायचे. तिसरा पॉट गेला तेव्हा ३०० मिमी स्ट्रोकचा हा मॅग्नेटोस्ट्रिक्टिव्ह सेन्सर घेतला, म्हणजे न घासता चुंबकावर अंतर मोजणारा. पॉटच्या चौपट पैसे गेले.

आमच्या ऑपरेटरनं सेन्सरची दांडी उलटीसुलटी करून विचारलं, "मालक, ह्यात हलतंय काय?"

काहीच नाही. बाहेर रॅमबरोबर चुंबकाची एक रिंग सरकते, तेवढीच. दांडीच्या आत एक तार आहे. तिच्यात विजेचा झटका सोडला की रिंगेच्या जागी तारेला बारीक पीळ बसतो आणि तो सेकंदाला साधारण २८०० मीटर वेगानं सेन्सरच्या डोक्याकडे, म्हणजे कॉइल असलेल्या टोकाकडे पळतो. खरी गंमत तिथं. ताण बसला की धातूचं चुंबकत्व बदलतं आणि कॉइलमध्ये व्होल्टेज उठतं. हा गुण इटलीच्या व्हिलारीनं १८६५ मध्ये दाखवला. झटका दिल्यापासून व्होल्टेज येईपर्यंतचा वेळ मोजला की अंतर कळतं. अख्ख्या ३०० मिमीला जेमतेम १०७ मायक्रोसेकंद! (चौकातला डीपी गुणगुणतो, तो ह्याचाच उलटा खेळ.)

पहिले दोन दिवस मात्र डोकं उठलं. रीडिंग दोन मिमीनं खोटं. विक्रेत्याचं एकच पालुपद, "पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर) बघा." शेवटी माहितीपत्रकाच्या बारीक अक्षरांत सापडलं: रिंगेला लोखंड लागू देऊ नका. आम्ही ती एमएस (साध्या लोखंडी) ब्रॅकेटवर एमएस स्क्रूनंच आवळलेली! पितळी स्क्रू लावले, मध्ये ॲल्युमिनियमचा तुकडा घातला, आकडा जागेवर. विकतानाच एवढं सांगायला काय जात होतं?

शिवाय दांडी स्ट्रोकपेक्षा बरीच लांब येते, कारण टोकाचा काही भाग मोजतच नाही. त्यापायी प्रेसचा संरक्षक गार्ड कापावा लागला.

तेव्हापासून पावसाळासुद्धा गेला, पण सेटिंगला हात लावलेला नाही. दांडी फडक्यानं पुसायची, बास. स्वच्छ जागेतलं मशीन असेल तर पॉटवर भागेल. मी दुसऱ्या प्रेससाठीही हाच सांगितलाय. पितळी स्क्रू आधीच आणून ठेवलेत.