बाथरूमची ओल: सीपीव्हीसी लाइन, इपॉक्सी ग्राउट अन् क्वार्टर टर्न नळ, वर्षभर वापरल्यानंतरचा अनुभव

आमचं गाव दर्यापूर तालुक्यातलं, म्हणजे खारपाणपट्टा. बोअरचं पाणी खारं अन् जमीन काळी. हे आधीच सांगतो कारण बाथरूमच्या सामानाचे रिव्ह्यू बहुतेक शहरातले लोक लिहितात, अन् तेच सामान आपल्याकडं आणलं की वेगळंच वागते. मागच्या उन्हाळ्यात आम्ही जुनी जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपांची) लाइन काढून सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारे प्लास्टिकचे पाइप) टाकली, फरशीच्या सांध्यात इपॉक्सी ग्राउट (रेझिन अन् हार्डनर मिसळून केलेला भराव) भरलं, नळ क्वार्टर टर्न (पाव फेरा दिला की उघडणारे) बसवले. आता पावसाळा, हिवाळा अन् परत उन्हाळा त्यावरून गेला, म्हणून लिहितो.

सामानाच्या आधी एक गोष्ट. बाथरूमला लागून असलेल्या खोलीची भिंत खालून ओली, लोणा (पांढरा क्षार) फुटलेला, पोपडे पडलेले. ज्याला दाखवावं तो म्हणे वॉटरप्रूफिंगचा डबा आणा अन् दोन हात मारा. राजेहो, पाणी भिंतीच्या मागून येत असेल तर वरून कितीही मारा, तो रंग पोपड्यासकट खाली येते. आधी पाणी कोणतं ते पाहा: नळाच्या लाइनचं, सांडपाण्याचं, की जमिनीतून चढणारं. लाइन फुटली असेल तर कोणी आंघोळ करो ना करो, ओल तशीच राहते. सांडपाण्याची असेल तर घर चार दिवस बंद असलं की कमी होते. जमिनीतली ओल साधारण कमरेच्या खालीच थांबते अन् पावसाळ्यात वाढते.

लाइन तपासायला खर्च नाही. रात्री मोटर बंद, सगळे नळ बंद, टाकीत काडी उभी करून पाण्याची खूण करायची. सकाळी पाणी उतरलेलं दिसलं तर दुसऱ्या रात्री टाकीखालचा गेट व्हॉल्व्ह बंद करून परत तेच करायचं. आता उतरलं नाही म्हणजे टाकी चांगली, गळती पुढं आहे. मग फ्लश टाकीचा कॉक बंद करून पाहायचं. फ्लशसाठी त्याहून सोपं म्हणजे टाकीत थोडी नीळ टाका, अर्धा तास कोणी फ्लश करू नका, कमोडमध्ये निळं पाणी दिसलं तर आतलं रबर गेलं. आमच्याकडं फ्लश चांगला निघाला, तरी पाणी उतरतच होतं. मग रात्री सामसूम झाल्यावर स्टीलचा पेला भिंतीला लावून कान दिला तर बारीक सूं सूं आवाज येत होता. ओल खाली दिसत होती पण जीआय पाइप सडला होता बराच वर, गिझरच्या पॉइंटजवळ. पाणी विटांमधून उतरून खाली फुटते, म्हणून ओल दिसली तिथंच फोडत बसू नका, आधी वर पाहा.

लाइन बदलल्यावर भिंत पुष्कळ सुधारली पण आंघोळी झाल्या की खालचा कोपरा परत ओला. तेव्हा नहाणी ट्रॅपच्या (फरशीवरचं पाणी जिथून वाहून जाते त्याच्या) तोंडात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं फडकं घट्ट बसवलं, फरशीवर बोटभर पाणी भरलं अन् खूण केली. शेजारी परातीतही तेवढंच पाणी ठेवा, आपल्याकडच्या उन्हात पाणी नुसतं उडूनही जाते अन् उगाच फरशीला दोष लागतो. परातीपेक्षा फरशीवरचं पाणी जास्त उतरलं, म्हणजे फरशीचे सांधे पाणी पीत होते.

आता सामान. सीपीव्हीसीला खाऱ्या पाण्याचा गंज नाही, गरम पाणी चालते, एकही सांधा गळला नाही. सोल्युशन (पाइप चिकटवायचा गोंद) लावल्यावर डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण जाऊ द्या, घाईनं पाणी सोडू नका. नळ बसतो त्या ब्रास एल्बोवर (पितळी आट्याच्या वळणाच्या जोडावर) नजर ठेवा, पाना लावून जास्त आवळला तर तिथंच चीर जाते. गच्चीवरच्या उघड्या पाइपला पांढरा वॉटर बेस रंग मारला, ऊन खाऊन पाइप कडक होऊन तडकतो.

इपॉक्सी ग्राउट महाग आहे, सिमेंट ग्राउटच्या कितीतरी पट, पण पैसे वसूल. पाणी पीत नाही, काळं पडलं नाही, रोज घासूनही निघालं नाही. काम सकाळी लवकर करा, उन्हाळ्यात मिसळलेला माल पाहता पाहता घट्ट होते अन् फरशीवर राहिलेला डाग मग निघता निघत नाही. आणखी एक, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटते: भिंत अन् फरशीच्या कोपऱ्यात इपॉक्सी भरू नका. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, घर थोडं हलतेच. इपॉक्सी कडक, ते तडकणार. तिथं आम्ही सिलिकॉन सीलंट भरलं, या मे महिन्यातही कोपरा उघडला नाही.

नळांबद्दल मात्र मन पूर्ण भरलं नाही. वायसरचा जुना नळ सारखा ठिबकायचा, हा ठिबकत नाही हे खरं, पण क्षारानं काही महिन्यांतच जड फिरायला लागला अन् तोंडावरची जाळी तर सारखी चोंदते. जाळी काढून लिंबाच्या रसात ठेवली की साफ होते, ॲसिड लावू नका, क्रोम जाते. फक्त बोअरचं पाणी असेल तर गिझरच्या पॉइंटला मी तरी अजून साधाच नळ ठेवीन.

भिंत वाळायला वेळ लागते. गळती थांबल्यावरही लोणा फुटत राहिला, तो कोरड्या ब्रशनं झाडायचा, पाण्यानं धुतला तर क्षार परत आत जाते. रंग आम्ही भिंतीला पूर्ण उन्हाळा खाऊ दिल्यावरच मारला. अन् नळाचं कार्ट्रिज (आतला फिरणारा भाग) आणायला बाजारात जाल तर जुनं काढून सोबत न्या, दिसायला सगळे सारखे पण माप कंपनीगणिक वेगळं असते.