पैसे 50 एमएमचे, टाईल 20 एमएमची: प्ले एरियात रबर फ्लोरिंग करणाऱ्यांनी वाचाच

आमच्या स्कीमचे 2,29,392 रुपये गेले. आकडा पाठ झालाय कारण प्रत्येक मीटिंगमध्ये तो मलाच विचारतात, खजिनदार मी आहे ना. नागपूरच्या मानेवाडा-बेसा साईडची 48 फ्लॅटची स्कीम, प्रत्येक फ्लॅटकडून 5,500 घेतले आणि मुलांच्या घसरगुंडीखाली सेफ्टी म्हणून जे टाकून घेतलं ते सिमेंटवर चिकटवलेलं पायपुसणं निघालं. कंत्राटदाराचं नाव इथे लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगात आहे. पण तो माणूस अजून कामं घेऊन राहिला आहे म्हणून लिहितोय.

आधी हे सांगतो की रबर घ्यायचं ठरवणं चूक नव्हतं, कोणी काही म्हणो. आमच्या क्लाइंबरचा, म्हणजे चढायच्या खेळण्याचा, प्लॅटफॉर्म 5 फुटांवर आहे आणि खाली बिल्डरने पेव्हर ब्लॉक टाकलेले, म्हणजे पोरगं डोक्यावर पडलं तर विषयच संपला. "लॉन लावा ना" असं सांगणारे काका प्रत्येक स्कीममध्ये असतात, पण खेळाच्या जागी गवत टिकत नाही, आणि खालची आपली काळी माती एप्रिल-मेमध्ये दगड होते. कन्हानची रेती टाका म्हणे. रेती चालते, पण 9 इंच भरावी लागते, तीही साधारण 4 फुटांच्या पडण्यापर्यंतच कामाची, भिजली की दबून घट्ट होते, सारखी उकरत राहावी लागते, शिवाय मांजरं काय करतात ते सांगायला नको. ते कोण करणार, आमचा वॉचमन? तर रबर.

तीन कोटेशन घेतले, 190, 240 आणि 330 रुपये स्क्वेअर फूट. मी स्वस्तातलं घेतलं नाही हे लक्षात ठेवा, मधलं घेतलं. 900 स्क्वेअर फूट, 240 प्रमाणे 2,16,000, वर 18 टक्के जीएसटी 38,880, एकूण 2,54,880. कोटेशनवर स्वच्छ लिहिलेलं, 50 एमएम टाईल, खाली 40 एमएम एसबीआर म्हणजे जुन्या टायरचा चुरा आणि वर 10 एमएम रंगीत ईपीडीएम, म्हणजे मुळातच रंगीत असलेलं रबर. सोबत ईएन 1177 चा, म्हणजे प्ले एरियाच्या फ्लोरिंगच्या युरोपियन स्टँडर्डचा, टेस्ट रिपोर्ट. मी तो वाचला, वाचला नाही असं नाही. त्या टेस्टमध्ये डोक्याच्या आकाराचं वजन वरून टाकतात आणि एचआयसी, म्हणजे डोक्याला किती इजा होईल तो आकडा, 1000 च्या आत राहील अशी जास्तीत जास्त उंची काढतात, ती तुमच्या खेळण्याच्या उंचीपेक्षा कमी नको. रिपोर्टवर 5 फुटांच्या वरचा आकडा होता. रिपोर्ट खोटा होता असंही मी म्हणत नाही. तो 50 एमएमच्या टाईलचा होता, आणि आमच्याकडे ती टाईल आली फक्त दाखवण्यापुरती!

आता ती जागा जिथे डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. माल आला छोट्या हत्तीत, दोन फेऱ्यांत. अर्धा मीटर बाय अर्धा मीटरची 50 एमएमची टाईल दहा किलोच्या आसपास भरते, आम्हाला लागत होत्या 335 च्या वर, म्हणजे सव्वातीन टनांच्या पुढे माल. पाऊण टनाच्या गाडीत दोन फेऱ्यांत? आणि उतरवणारा पोऱ्या, अंगात जीव नाही, सहा-सहा टाईल्स एकदम डोक्यावर घेऊन फिरून राहिला होता. मी तिथेच उभा होतो, त्याला चहा दिला. सिमेंटच्या गोण्या आणि रेतीही उतरली. मी विचारलं पण, "भाऊ, टाईल अ‍ॅडहेसिव्हने चिकटते ना, सिमेंट काहून?" तर म्हणतो, "सर लेव्हलिंग करावं लागते, पाणी साचलं तर तुम्हीच बोलणार." बोलणं बरोबरच वाटतं ना? पेव्हरवर उतार होताच. मी अकाउंट्सचा माणूस, सिव्हिलचा नाही, आणि कमिटीतले जे सिव्हिलवाले आहेत ते त्या दिवशी लग्नाला गेले होते, आज मात्र सगळ्यांना सगळं समजतं.

केलं काय होतं, तर फक्त कडेची रांग खरी 50 एमएमची. बाजूने टेप लावा, 50 भरणार, मीही लावून पाहिला होता, फोटो आहे. आत सगळीकडे 20 एमएमची टाईल आणि तिच्याखाली 30 एमएम सिमेंट-रेतीचा थर, म्हणजे वरून सपाट. 20 एमएमवर मीटरभर उंचीचीही खात्री नसते आणि खाली टणक सिमेंट. क्लाइंबरखाली तर तेच.

हे मे महिन्यात समजलं. नागपूरचं ऊन, 45 च्या वर पारा, पातळ टाईल्सचे कोपरे वर वळले. एक कोपरा मी हाताने उचलला तर अख्खी टाईल निघाली, खाली पांढरा थर. त्याआधी पोरांचे तळवे रंगाने लाल व्हायचे, आया ओरडायच्या, कंत्राटदार म्हणे नवीन आहे, जास्तीचा रंग सुटून जाईल. ईपीडीएमचा दाणा आतून-बाहेरून त्याच रंगाचा असतो. मी कटरने कापला, आतून काळा. टायरच्या चुऱ्याला रंग फासलेला.

तोपर्यंत 50 टक्के अ‍ॅडव्हान्स 1,27,440 आणि माल उतरल्यावर 40 टक्के 1,01,952 देऊन झालेले. 25,488 मी अडवले होते, ते कोणी लक्षात घेत नाही. फोन आधी उचलायचा, मग "साईटवर आहे सर", मग स्विच ऑफ.

पोलिस ठाण्यात गेलो. साहेबांनी टाईलचा तुकडा हातात घेतला, दाबून पाहिला, म्हणाले मऊ तर आहे. मग विचारलं, "काका, कोणाला लागलं का?" नाही. "मग कशाची तक्रार?" म्हणजे एखाद्या लेकराचं डोकं फुटेपर्यंत थांबायचं का बाप्पा! मग दिवाणी मॅटर आहे, कोर्टात जा. कोटेशन 50 चं, टाकली 20 ची, लपवायला खाली सिमेंट भरलं, ही फसवणूक नाही तर काय आहे? अर्ज घेतला, पोच द्यायला तयार नव्हते, बसून राहिलो तेव्हा शिक्का मिळाला. महापालिकेच्या झोन ऑफिसात गेलो तर खासगी जागा आहे, आमचा संबंध नाही. बरोबर, पाणीपट्टी थकली की संबंध असतो. जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला तर रद्द झालेला निघाला, म्हणजे दिलेल्या पैशातला जीएसटीचा भाग सरकारच्या नावाने सरळ खिशात! ती तक्रार घेऊन गेलो तर एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, शेवटी ऑनलाइन टाका. टाकली. स्टेटस पेंडिंग. सरकारचाच पैसा गेला आणि सरकारलाच घाई नाही, आपण कोण.

जीएसटी पोर्टलवर नंबर फुकटात तपासता येतो, लॉगिनही लागत नाही, अ‍ॅडव्हान्सच्या आधी करा. बिलावर एक नाव आणि बँक खातं दुसऱ्याच्या नावाने असेल तर तिथेच थांबा, आमचं तसंच होतं. टाईल मधल्या गठ्ठ्यातली काढा, काट्यावर ठेवा, कापून पहा. सिमेंटची गोणी दिसली की काम बंद. प्लॅटफॉर्मपासून चारी बाजूंनी 6 फूट तरी फ्लोरिंग पाहिजे, आमच्याकडे मागच्या बाजूला साडेतीनच होतं. 40 टक्क्यांचा हप्ता माल उतरल्यावर नाही, टाईल टाकून झाल्यावर द्या, आणि मधली कोणतीही एक टाईल तुम्ही निवडून उचलायला लावल्यावर.

ग्राहक हेल्पलाइन 1915 वर नोंद केली, मग जिल्हा आयोगात केस टाकली. 5 लाखांपर्यंत फी लागत नाही, तो माणूस बाहेरगावचा असला तरी आपण राहतो तिथेच टाकता येते, मुदत 2 वर्षांची. क्लाइंबरला सध्या दोरी बांधून ठेवली आहे.

नागपुरात अजून कोणाकडे कडेला जाड आणि आत पातळ असं काम झालं असेल तर एक टाईल उचलून टेपसकट फोटो काढा आणि बिलासोबत मला पाठवा, वकील म्हणतात दुसरी केस जोडता आली तर आपली बाजू भक्कम होते.