टोयोटा मिराई: नागपूरच्या उन्हात हायड्रोजन गाडी

चालायला शांत, धूर नाही. खालच्या नळीतून नुसतं पाणी ठिबकतं. तीन टाक्यांत मिळून 5.6 किलो हायड्रोजन, 700 बार (हवेच्या दाबाच्या सुमारे 700 पट) दाबाने, पाचेक मिनिटांत भरतो. खरी परीक्षा पंपाची. भरताना गॅस तापतो आणि टाकीची मर्यादा 85 अंश, म्हणून पंप तो उणे 40 च्या आसपास थंड करूनच सोडतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 वर; पंपाचा चिलर (गॅस थंड करणारं यंत्र) कमी पडला की भरणं रेंगाळतं, नाहीतर टाकी अर्धवट राहते. लागोपाठ गाड्या भरल्या की नोझलवर बर्फ धरतो आणि नोझल गाडीला चिकटून बसतं. ओढाओढ करू नका, वितळू द्या. एअर फिल्टर वेळेवर बदला. हवेतला गंधकाचा धूर फ्युएल सेलमधल्या (हायड्रोजन आणि हवेपासून वीज बनवणारा भाग) प्लॅटिनमला बाधतो. युरोपीय संघात 2030 अखेर मुख्य महामार्गांवर दर 200 किलोमीटरला हायड्रोजन पंप बंधनकारक आहे. समृद्धीवर तशी सोय होईपर्यंत नागपूरकरांनी ही गाडी घेऊ नये.