पीएमआरची रेसिडेन्सी: इथली एमडी की अमेरिकेची मॅच?

पीएमआरच (फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन, म्हणजे पेशंटच्या पुनर्वसनाची शाखा) करायचं हे पक्कं आहे, पण इथे भारतात एमडीसाठी नीट पीजी द्यायची की यूएसएमएलई, म्हणजे अमेरिकेच्या लायसन्स परीक्षा, देऊन तिथल्या मॅचच्या (रेसिडेन्सीच्या सीट वाटपाच्या) मागे लागायचं यात अडकलेल्यांसाठी लिहितेय. माझं मत आधीच सांगते. पुढे प्रॅक्टिस इथे करायची असेल तर एमडी इथेच करा, आणि तिकडेच राहायचं असेल तर 'आधी इथे एमडी, मग बघू' असं करू नका, कारण तिकडे गेल्यावर बहुतेकांना रेसिडेन्सी परत पहिल्यापासून करावी लागते.

इथे तीन वर्षं, थीसिस आलाच, आणि मधे तीन महिने डीआरपीसाठी (डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी प्रोग्राम) जिल्हा रुग्णालयात. तिकडे चार वर्षं, त्यातलं पहिलं मेडिसिन, सर्जरी वगैरेचं आणि मग तीन वर्षं पीएमआर. अप्लाय करताना एक नीट बघा, कॅटेगॉरिकल सीट असेल तर चारही वर्षं एकत्र मिळतात, पण ॲडव्हान्स्ड असेल तर पहिल्या वर्षाची सीट वेगळी मॅच करावी लागते आणि ती नाही मिळाली तर पुढचं सगळं अडचणीत येतं. बरेच जण हे उशिरा वाचतात.

ॲडमिशनचं म्हणाल तर इथे एक परीक्षा, रँक आणि काउन्सेलिंग. सीट मुळात कमी. मुंबईत हाजी अलीची एआयआयपीएमआर, १९५५ पासूनची केंद्र सरकारची संस्था, बाहेर वेल्लोरचं सीएमसी, दिल्लीचं एम्स (त्याची परीक्षा मात्र वेगळी, आयएनआय-सीईटी), लखनौचं केजीएमयू. तिकडे २०२२ पासून स्टेप १ (यूएसएमएलईची पहिली परीक्षा) नुसती पास-फेल झालीय, त्यामुळे सगळा भार स्टेप २ सीकेच्या स्कोअरवर आणि तिथल्या रिहॅबमधे रोटेशन करून मिळवलेल्या शिफारशीच्या लेटर्सवर येतो, म्हणजे मॅच व्हायच्या आधीच तिकीट, राहणं, फिया असा मोठा खर्च. रेसिडेन्सी सुरू झाली की पगार चांगला असतो हे खरं.

आता खरा फरक, शिकायला काय मिळतं. तिकडच्या रिहॅब हॉस्पिटलमधे पेशंटला साधारण दिवसाला तीन तास, आठवड्यातून पाच दिवस थेरपी मिळायलाच हवी असा नियम आहे, टीम मीटिंग दर आठवड्याला, आणि रेसिडेंटला निदान बारा महिने वॉर्डची जबाबदारी आणि २०० ईएमजी (नसा-स्नायूंची विद्युत तपासणी) कन्सल्टेशन्स पूर्ण करावी लागतात. हे शिस्तीचं ट्रेनिंग आहे आणि इथे ते सगळीकडे मिळत नाही, कारण बऱ्याच ठिकाणी ईएमजी न्यूरोलॉजीकडे असतं, मग रेसिडेंट तिकडे उभं राहून बघतो.

पण इथली ओपीडी वेगळंच शिकवते. स्पायनल इंज्युरीच्या पेशंटच्या मांड्या इतक्या घट्ट आवळलेल्या असतात की बायकोला त्याची साफसफाई करता येत नाही, बोटॉक्स परवडत नाही, मग स्टिम्युलेटरची सुई लावून ऑब्ट्युरेटर नर्व्ह शोधायची, ॲडक्टर (मांड्या आत ओढणारे स्नायू) उडायला लागले की करंट कमी करत करत जवळ जायचं आणि नर्व्ह बधिर करणारं फिनॉल सोडायचं. थोड्याच वेळात पाय बाजूला होतात. हे हात इथे बसतात. तसंच कॅथेटरचं, म्हणजे लघवी काढायच्या नळीचं. अमेरिकेत मेडिकेअर (सरकारी आरोग्य विमा) महिन्याला २०० पर्यंत कॅथेटर देतं, दर वेळी नवीन, आणि आपण त्याच पेशंटला तोच कॅथेटर साबण-पाण्याने धुवून, वाळवून परत कसा वापरायचा हे शिकवतो, सोबत नातेवाइकालाही, कारण घरी थेरपिस्ट तोच असतो. शिवाय २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातले अपंगत्वाचे २१ प्रकार, यूडीआयडी (दिव्यांगांचं ओळखपत्र), ४० टक्के अपंगत्वाची अट, हे सर्टिफिकेट बोर्डावर बसल्याशिवाय डोक्यात बसत नाही, आणि पेशंटचा पास, पेन्शन, नोकरी त्या कागदावर अडलेली असते. तिकडून शिकून आलेल्याला हे सगळं नव्याने शिकावं लागेल.

नोकरीत मात्र अमेरिका सरळ पुढे आहे. फिजिॲट्रिस्ट (पीएमआरचा डॉक्टर) कोण हे तिथल्या हॉस्पिटलला माहीत असतं, स्पायनल कॉर्ड, ब्रेन इंज्युरी, पेडिॲट्रिक, स्पोर्ट्स, पेन अशा फेलोशिप आहेत. इथे प्रायव्हेटमधे अजून 'म्हणजे फिजिओ का?' ऐकावं लागतं, आणि ओपीडी उभी करायला वेळ लागतो. ज्यांच्यावर लगेच घराची जबाबदारी आहे त्यांनी हे गंभीरपणे धरा. जे-१ (एक्स्चेंज) व्हिसावर गेलात तर रेसिडेन्सीनंतर दोन वर्षं मायदेशी परत येऊन राहायची अट असते, वेव्हर (सूट) मिळाला तरच सुटते, तेही गणितात घ्या.

इथली सीट लॉक करायच्या आधी तिथल्याच रेसिडेंटला फोन करून विचारा की डिपार्टमेंटचे स्वतःचे बेड किती, ईएमजी कोण करतं, यूरोडायनॅमिक्स (मूत्राशयाची तपासणी) आहे का, कृत्रिम पाय बनवायचं वर्कशॉप आवारात आहे का बाहेर पाठवतात. बेडच नसतील तर रँक असूनही मी ती सीट घेणार नाही.