पूना डिव्हिजनचे जवान शोधताना: कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची ऑनलाइन नोंदवही

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) लढलेल्या, ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यातल्या सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये आपल्या गावचं कोण मेलं, हे शोधायला युद्धमृतांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या या कमिशनच्या नोंदवहीइतकं चांगलं मोफत साधन दुसरं नाही. अडचण एकच, पण मोठी: शोधाच्या पानावर रेजिमेंट आहे, हुद्दा आहे, सेवा क्रमांक आहे, स्मारकाचं नाव आहे; डिव्हिजनचा रकाना नाही. नोंदवही पलटण ओळखते. डिव्हिजन आपली आपणच जुळवायची.

तेव्हा आधी मोडणी करून घ्या. १९१५ साली डिव्हिजनचा सेनापती टाउनशेंड याच्या हाताखाली १६, १७ आणि १८ या तीन पायदळ ब्रिगेड होत्या. १६ मध्ये ११७ वी मराठा, १७ मध्ये १०३ वी मराठा लाइट इन्फन्ट्री, १८ मध्ये ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री. रेजिमेंटच्या रकान्यात हेच जुने आकडे टाकायचे. '५ वी मराठा लाइट इन्फन्ट्री' टाकलंत तर दुसऱ्या महायुद्धातली माणसं समोर येतात, कारण ते नाव १९२२ च्या फेररचनेतलं. १०३ वी तेव्हा पाचव्या मराठाची पहिली पलटण झाली, ११० वी तिसरी, ११७ वी पाचवी.

नावाचा रकाना सगळ्यात जास्त छळतो. हिंदी (म्हणजे भारतीय) शिपायाचं अख्खं नाव बरेचदा आडनावाच्याच जागी घातलेलं असतं, त्यामुळे पहिल्या नावाचा रकाना कोरा ठेवलेला बरा. स्पेलिंग तर कारकुनाच्या कानावर. जाधव, पवार, सावंत, चव्हाण यांची दोन-तीन रूपं तरी करून पाहा. तरीही न मिळाल्यास नाव सोडून द्या आणि पलटण व तारखा एवढ्यावरच यादी काढा. यादी उतरवून घेऊन 'जादा माहिती'च्या रकान्यात गाव चाळणं हा खरा मार्ग. बापाचं नाव, गाव, तालुका किंवा जिल्हा तिथे असेल तर असतो. कुलाबा म्हणजे आजचा रायगड, हे लक्षात असू द्या.

तारखांचं गणित नीट बसवलं तर लढाया वेगळ्या काढता येतात: शैबा १२ ते १४ एप्रिल १९१५, टेसिफॉन २२ ते २५ नोव्हेंबर १९१५, कूटचा वेढा ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. शोध २९ एप्रिलला थांबवू नका, १९१८ अखेरपर्यंत न्या. त्या दिवशी कूटमधल्या फौजेने तुर्कांपुढे पत्करलेल्या शरणागतीनंतर कैदेत आणि वाटचालीत मेलेले त्यानंतरच सापडतात. उलट, १९१६ च्या जानेवारी ते एप्रिलमधला प्रत्येक मृत्यू कूटच्या आतला धरू नये. याच पलटणींची मागाहून आलेली माणसं कूटच्या सुटकेसाठी बाहेरून निघालेल्या फौजेतही लढत होती. मृत्यूचं कारण नोंदवही सहसा देत नाही, म्हणजे गोळी, स्कर्व्ही की उपासमार हे त्यावरून कळणार नाही.

बसरा स्मारकाबाबत मात्र ही ऑनलाइन सेवा दगडापेक्षा सरस आहे. चाळीस हजारांहून अधिक मृतांच्या त्या स्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली, साध्या शिपायांचा नुसता आकडा. नोंदवहीत त्या शिपायांना नाव मिळतं. (स्मारक १९९७ मध्ये नासिरियाच्या रस्त्यावर हलवलं, तेव्हा जुनी वर्णनं वाचून बसरा बंदरात शोधू नका.) इराकमधल्याच अमाराच्या दफनभूमीतले कबरींवरचे दगड जमिनीतल्या क्षारांनी खाल्ले म्हणून १९३३ मध्ये काढले, नावं भिंतीवर गेली. 'कबर आहे, पण दगड नाही' हा तिथला नेहमीचा प्रकार आहे. जिथे मूळ नोंदीच्या पानांची छायाचित्रं जोडली आहेत, तिथे ती जरूर उघडा. टंकलेखनातल्या चुका तिथे पकडता येतात.

सगळे मृत इथे आहेत असंही नाही. कमिशननेच नेमलेल्या समितीने २०२१ मध्ये मान्य केलं की पहिल्या महायुद्धातल्या किमान १,१६,००० मृतांची, मुख्यतः पूर्व आफ्रिका आणि इजिप्तमधल्या, स्मृती नावानिशी राखली गेली नाही, किंवा कदाचित अजिबातच राखली गेली नाही.

या नोंदवहीला माझे गुण: मृत्यूच्या नोंदीसाठी पाचपैकी चार, डिव्हिजनच्या इतिहासासाठी दोन. लढाईत त्या दिवशी काय घडलं याकरता लंडनच्या क्यू भागातल्या नॅशनल अर्काइव्हजमधली डब्ल्यूओ ९५ ही युद्धदैनंदिनींची मालिका ब्रिगेडच्या आकड्याने बघावी लागते. आणि जिवंत परतलेला शिपाई या नोंदवहीत सापडणारच नाही, तेव्हा नाव नाही म्हणून घरातली हकिकत खोटी ठरवू नका.