स्लॅश की कंट्रोल? शिफ्टची नोंद मराठीत लिहिणाऱ्या टीमसाठी

आमच्या फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतून भाग बनवायच्या कारखान्यात, शिफ्टची वही बंद होऊन सामायिक पानं आली, तेव्हा सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं यावर दोन मिटिंगा झाल्या. शॉर्टकट कुठले शिकवायचे यावर एकही झाली नाही. ज्याच्या हाताला जे लागलं ते त्यानं धरलं. वर्षभर दोन्ही पद्धती वापरल्यावर मला वाटतं, ती तिसरी मिटिंग आधी घ्यायला हवी होती. कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा उद्यमनगरात कुणी आता हेच ठरवत असेल, तर माझा अनुभव कदाचित उपयोगी पडेल.

पद्धती दोनच आहेत. एक स्लॅशची: रिकाम्या ओळीवर तिरकी रेघ मारायची, यादी उघडते, त्यातून शीर्षक, टेबल, टिकमार्कचा चौकोन जे हवं ते उचलायचं. दुसरी कंट्रोलची: दोन-तीन बटणं एकदम दाबायची आणि काम होतं. नोशन या सामायिक पानांच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही चालतात. गूगल डॉक्सचा भर कंट्रोलवर आहे, यादी हवी तर तिथं ‘ॲट’च्या चिन्हानं उघडते. म्हणजे सॉफ्टवेअर निवडलं तरी सवय निवडायची राहतेच, आणि टीमला जी सवय एकदा लागते ती सहजासहजी सुटत नाही.

स्लॅशबद्दल आधी चांगलं सांगतो, कारण ते खरंच आहे. पाठांतर शून्य. आयटीआय करून आलेल्या मुलाला मी एकदाच दाखवलं आणि अर्ध्या तासात त्यानं रिजेक्शनचं टेबल स्वतः मांडलं. यादी समोर दिसते, त्यामुळे या पानावर काय काय करता येतं हेही आपोआप कळत जातं. मोबाइलवर तर स्लॅशच कामाचा, तिथं कंट्रोलचं बटण येणार कुठून? शॉपफ्लोअरवरून फोनवरच नोंदी करणारी टीम असेल, तर माझं पुढचं सगळं बाजूला ठेवलं तरी चालेल.

कंट्रोलचं शिकणं मात्र जड आहे, आणि त्याचा खरा त्रास पाठांतराचा नसून गोंधळाचा आहे. एकच जोडी दर ठिकाणी वेगळं बोलते. कंट्रोल-के डॉक्समध्ये लिंक लावतं, स्लॅक या चॅटच्या ॲपमध्ये दुसऱ्या संभाषणावर नेतं. कंट्रोल-शिफ्ट-एम नोशनमध्ये शेरा लिहायला, टीम्समध्ये माइक बंद-चालू करायला. कंट्रोल-डी मीटमध्ये माइकसाठी, नोशनमध्ये ओळीची दुसरी प्रत काढण्यासाठी. दिवसभर चार खिडक्यांत उड्या मारणाऱ्याची बोटं चुकणारच. त्यात आपल्याकडचं एक खास: ‘इंग्लिश इंडिया’ कीबोर्डवर कंट्रोल-ऑल्ट-४ या जोडीवर आधीच रुपयाचं चिन्ह बसलेलं आहे, आणि डॉक्समध्ये तीच जोडी चौथ्या पातळीच्या शीर्षकाची. आम्ही चौथी पातळी वापरणंच सोडलं.

एवढ्यावर निकाल द्यायचा असता, तर मी स्लॅशकडे झुकलो असतो. सुरुवातीचे चार महिने तसा झुकलोही होतो.

पण आमची नोंद मराठीत असते. सगळी नाही: हीट नंबर (भट्टीतल्या एका वितळीचा क्रमांक), पार्ट नंबर, ग्रेड (धातूचा दर्जा) इंग्रजीत, आणि ‘काय झालं, काय करायचं राहिलं’ हे मराठीत. टायपिंग इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाण कीबोर्डवर, कारण बहुतेकांनी तेच शिकलंय आणि विंडोजमध्ये ते आयतं मिळतं. आता इनस्क्रिप्टमध्ये स्लॅशच्या बटणावर काय आहे? ‘य’. भाषा मराठीवर असताना तुम्ही स्लॅश दाबता, यादी उघडत नाही, पानावर य उमटतो. ‘ॲट’च्या जागी अर्धचंद्र येतो, त्यामुळे सहकाऱ्याला नावानं हाक मारायची सोयही गेली. हॅशच्या जागी रफाराचा भाऊ, तो पायातला र. म्हणजे चिन्ह टाकून चालणारे जेवढे शॉर्टकट आहेत, त्यांतले बहुतेक मराठी चालू असताना एकदम बंद.

यात सॉफ्टवेअरचा दोष मी काढत नाही. इनस्क्रिप्टचाही नाही, देवनागरीला इतकी अक्षरं लागतात, ती कुठल्या तरी बटणांवर बसवायला हवीतच. पण कामाच्या ठिकाणी याचं काय होतं ते सांगतो.

रात्रपाळीच्या मुलानं पहाटे नोंद लिहिली. कोअर बॉक्सची, म्हणजे वाळूचा गाभा घडवायच्या पेटीची, पिन ढिली झाली होती, ती सकाळी बदलायची होती. ‘बदलून घेणे’ याच्याआधी टिकमार्कचा चौकोन हवा म्हणून त्यानं सवयीनं स्लॅश आणि टुडू हा इंग्रजी शब्द टाइप केला. डोळे कीबोर्डवर, भाषा मराठीवर. स्लॅशचा य, टीचा दीर्घ ऊकार, ओचा द, डीचा हलंत, परत ओचा द. पानावर उमटलं: ‘यूद्द’. चौकोन आलाच नाही. आमच्याकडे सकाळची पाळी न टिकलेले चौकोन एकत्र दिसणारी यादी बघून कामाला लागते. ही ओळ त्या यादीत नव्हती. कोअर त्याच बॉक्समधून निघाले, दोन अर्धे सरकलेले, आणि दुपारपर्यंत सतरा कास्टिंग मिसमॅचमध्ये गेली.

मेल्टिंगचे (भट्टीवरचे) आमचे मामा, तीस वर्षांच्या अनुभवाचा माणूस, पान वाचत माझ्या टेबलापाशी आले. “काय वो साहेब, हे यूद्द म्हंजे काय लिवलंय?” मी त्यांना काय झालं ते सांगितलं. त्या मुलाला रागावण्यात अर्थ नव्हता, मी स्वतः तीच चूक आठवड्यातून दोनदा करत होतो. फक्त माझ्या चुकीनं कास्टिंग गेलं नव्हतं.

उलट बाजूनंही स्लॅश आडवा येतो. आमचा रोजचा ग्रेड एसजी ५००/७: पाचशे म्हणजे ताणशक्ती, सात म्हणजे टक्क्यातली लांबण. मराठीत लिहिताना त्याचा ‘५००य७’ होतो, म्हणून भाषा इंग्रजी करायची. इंग्रजी केली की आकड्यांमधल्या स्लॅशनं कमांडची यादी उघडते, कारण त्याला वाटतं तुम्ही काहीतरी मागताय. तारखेलाही तेच. ज्या धंद्यात ग्रेडच्या नावातच स्लॅश आहे, तिथं स्लॅशला हुकमाचं बटण करणं मला तरी पटेनासं झालं.

कंट्रोलचं इथं वेगळं आहे. कंट्रोल धरला की संगणक अक्षर बघत नाही, बटण बघतो. म्हणून मराठी चालू असतानाही कंट्रोल-बी अक्षर ठळकच करतं, कंट्रोल-के लिंकचीच खिडकी उघडतं. डॉक्समध्ये टिकमार्कच्या यादीसाठी कंट्रोल-शिफ्ट-९ आहे. माझ्या मशीनवर भाषा कुठलीही असो, ते चालतं. नोशनमध्ये त्याच कामासाठी कंट्रोल-शिफ्ट-४ आहे, स्लॅश टाळून. भाषा बदलायला विंडोज आणि स्पेस दाबायचं, पण आता ते फक्त मजकुरासाठी, हुकमासाठी नाही. हा फरक कागदावर किरकोळ दिसतो. प्रत्यक्षात पहाटे साडेपाचला, हात काळे आणि डोळ्यावर झोप असताना, ‘आत्ता भाषा कुठली चालू आहे’ हा प्रश्न डोक्यातून गेला हेच मला सगळ्यात मोलाचं वाटलं.

वेग कुणाचा जास्त, हे मी घड्याळ लावून मोजलेलं नाही. हाताला कंट्रोल जलद वाटतो, पण सरावानं काहीही जलद वाटतं. तुमची टीम सगळं इंग्रजीतच लिहीत असेल, पुण्या-मुंबईच्या ग्राहकांशी तसाच व्यवहार असेल, तर स्लॅशच घ्या, नवीन माणूस लवकर रुळेल. मराठी आणि इंग्रजी एकाच ओळीत येत असेल, तर मी कंट्रोल सुचवेन. ठरवण्याआधी एक करून बघा: कीबोर्ड मराठीवर ठेवा आणि टीममधल्या सगळ्यात अनुभवी माणसाला न सांगता रोजची नोंद लिहू द्या. पानावर किती ‘य’ उमटतात ते मोजा.

आणि पंधरा-वीस जोड्या शिकवायच्या भानगडीत पडू नका. आम्ही चारच ठेवल्या: ठळक, लिंक, टिकमार्कची यादी आणि कंट्रोल-झेड. शेवटच्या जोडीची लोकांना भीती होती, दुसऱ्यानं लिहिलेलं पुसलं जाईल म्हणून. डॉक्समध्ये ती फक्त आपलाच बदल मागे घेते, हे दोघांना शेजारी बसवून करून दाखवलं तेव्हा विश्वास बसला. कंट्रोल-एसनं सेव्ह करायची सवय मामांची अजून गेलेली नाही. राहू दे म्हटलं, त्यानं बिघडत काही नाही.

या चार जोड्या पॅटर्न शॉपमधल्या पांढऱ्या टेपवर लिहून प्रत्येक कीबोर्डच्या वरच्या कडेला चिकटवल्यात. पहिल्या टेपवर मी इंग्रजी अक्षरं लिहिली होती, मामांना ती शोधायला वेळ लागायचा. आता ‘लिंक’पुढे कंट्रोल आणि ‘क’ लिहिलंय, ‘ठळक’पुढे कंट्रोल आणि ‘व’. इनस्क्रिप्टवर बटणं तीच आहेत.