पाण्याखालच्या व्हिडिओसाठी कॉम्पॅक्ट कॅमेरा : आठ महिने वापरल्यानंतर

कॅमेरा घेण्यापूर्वी मी जवळजवळ दोन महिने तपशिलांची कोष्टके वाचण्यात घालवले. सेन्सर केवढा, फोर-के आहे का, झूम किती, सेकंदाला किती फ्रेम्स, हेच प्रश्न सारखे डोक्यात होते. आज आठ महिने आणि बेचाळीस डाइव्ह झाल्यावर त्या कोष्टकांतल्या बहुतेक रकान्यांचा माझ्या चित्रीकरणाशी फारसा संबंध नव्हता, असे म्हणावे लागते. ज्या गोष्टीने फरक पडला ती कुठल्याच कोष्टकात नव्हती. अठरा मीटर खोलीवर, हातमोजे घातलेल्या बोटांनी, कॅमेऱ्याला ‘पांढरे म्हणजे हे’ असे किती लवकर सांगता येते, हा खरा प्रश्न होता.

माझा संच असा आहे : कॅनन जी७एक्स मार्क टू हा एक इंची सेन्सरचा कॅमेरा, त्याला दुसऱ्या कंपनीचे साठ मीटरपर्यंतचे पॉलिकार्बोनेटचे हाउसिंग (म्हणजे जलरोधक पेटी), ६७ मिलिमीटर आट्याची एक वाइड वेट लेन्स (हाउसिंगला बाहेरून लावायची लेन्स), दोन मुठींचा ट्रे, लाइट धरणारे दोन आर्म आणि दोन व्हिडिओ लाइट. कॅमेरा २०१६ सालचा आहे आणि तो फुल एचडीच्या पुढे जात नाही. फोर-के हवे असेल तर २०१९ साली आलेला मार्क थ्री आहे. मला जुना कॅमेरा चांगल्या अवस्थेत मिळाला आणि वाचलेले पैसे लाइटमध्ये घालता आले. याचा मला एकदाही पश्चात्ताप झालेला नाही.

रंगाचा मुद्दा आधी सांगतो, कारण बाकी सगळे त्याच्याभोवतीच फिरते. पाणी लाल प्रकाश सर्वांत आधी शोषून घेते. पाच-सहा मीटरवर लाल जवळजवळ नाहीसा होतो, त्याच्या मागोमाग नारिंगी जातो, आणि वीस मीटरच्या आसपास सगळे जग निळे-हिरवे होऊन बसते. पुष्कळांच्या ध्यानात येत नाही ते असे की हे अंतर फक्त वरून खाली मोजायचे नसते. तुम्ही आठ मीटर खोल आहात आणि मासा तुमच्यापासून दोन मीटर लांब आहे, तर प्रकाशाने पाण्यातून दहा मीटर प्रवास केलेला असतो. म्हणून झूम करून लांबचा मासा टिपणे पाण्यात जवळजवळ निरर्थक ठरते. जवळ जाणे हाच तिथला झूम.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याने पांढरे कशाला धरायचे ते, हाताने ठरवण्याची सोय बहुतेक कॅमेऱ्यांत असते, पण तिचा आवाका सारखा नसतो. काही कॅमेऱ्यांत रंगतापमान (प्रकाशाच्या छटेचे माप) ९९०० केल्विनपुढे जातच नाही, आणि खोल निळ्या पाण्यात खरी गरज त्याच्याही पुढची असते. माझ्या कॅमेऱ्याने वीस मीटरपर्यंत, कधी त्याच्याही थोडे खाली, पांढरी स्लेट किंवा वाळू दाखवल्यावर रंग नीट ओळखले. दर तीन-चार मीटरला हे पुन्हा करावे लागते आणि सुरुवातीला त्याचा कंटाळा येतो. दहाव्या डाइव्हनंतर मात्र अंगठा आपोआप त्या कळांवर जाऊ लागला. हाउसिंग घेताना त्याच्या कळा हातमोजा घालून दाबून पाहाव्यात, एवढे मी आग्रहाने सांगेन. दुकानात कोरड्या, उघड्या बोटांनी सगळ्याच कळा छान वाटतात.

लाइटच्या बाबतीत मी एक ढोबळ चूक केली. पंधरा मीटरवर सूर्यप्रकाशानुसार व्हाइट बॅलन्स ठरवला आणि तसाच ठेवून, कपारीत बसलेल्या स्वच्छक कोळंबीवर दोन्ही लाइट सोडले. पाण्यात स्क्रीनवर काही खटकले नाही. घरी पाहिले तर कोळंबी, प्रवाळ, वाळू, सगळे गुलालात बुडवून काढल्यासारखे दिसत होते. कारण उघड होते : कॅमेरा निळ्याची भरपाई म्हणून लाल वाढवत होता आणि लाइट तर मुळातच लाल पुरवत होते. आता लाइट लावले की मी कॅमेरा ‘डेलाइट’ या दिवसाच्या उजेडासाठीच्या ठरावीक व्हाइट बॅलन्सवर ठेवतो आणि लाइट बंद केले की पुन्हा स्लेट दाखवतो. दोन्हींची सरमिसळ करत नाही.

लाइटचा उपयोग एक-दीड मीटरपलीकडे फारसा होत नाही, हेही आधी माहीत असावे. लुमेनचा, म्हणजे लाइटच्या प्रखरतेचा, आकडा मोठा असला तरी पाणी आपला वाटा घेतेच. त्याहून महत्त्वाचा आहे प्रकाशाचा कोन : अरुंद झोत असेल तर चौकटीच्या मध्ये पांढरा ठिपका आणि कडेला अंधार दिसतो. लाइट लेन्सच्या अगदी शेजारी ठेवले की पाण्यातले कण उजळतात आणि व्हिडिओत हिमवर्षाव सुरू झाल्यासारखे वाटते. आर्म बाहेर पसरून लाइट किंचित बाहेरच्या दिशेला वळवले की हा त्रास निम्म्याहून कमी होतो.

वेट लेन्स मला आधी चैन वाटली होती. सपाट पोर्टमागून, म्हणजे हाउसिंगच्या पुढच्या पारदर्शक खिडकीमागून, पाण्यात पाहिले की वस्तू सुमारे एक तृतीयांश मोठी दिसते आणि त्यामुळे दृश्याचा कोन आक्रसतो. म्हणजे २४ मिलिमीटरची लेन्स पाण्यात साधारण ३२ची होऊन बसते. जवळ जाऊनही मोठा विषय चौकटीत मावायचा असेल तर वाइड लेन्स लागतेच. ती पाण्यातच काढता-लावता येते, हा कॉम्पॅक्टचा मोठा फायदा आहे. मात्र लावल्यावर लेन्स आणि पोर्ट यांच्यामध्ये अडकलेले बुडबुडे बोटाने हुसकावून लावायला हवेत. माझ्या एका संपूर्ण डाइव्हच्या चित्रणात वरच्या उजव्या कोपऱ्यात एक गोल, चंदेरी बुडबुडा इमानाने बसून राहिलेला आहे.

या सगळ्याहून व्हिडिओचा दर्जा सर्वांत जास्त कशाने सुधारला असेल, तर तो फ्लोट आर्मने, म्हणजे तरंगणाऱ्या आर्मने. माझा संच पाण्यात सुमारे सहाशे ग्रॅम जड भरत होता आणि वेट लेन्समुळे नाकाकडे झुकत होता. मनगट सतत त्याला वर उचलून धरायचे आणि तो ताण व्हिडिओत बारीक थरथरीच्या रूपाने उतरायचा. तरंगणारे आर्म बसवल्यावर संच हातातून सोडला तर अगदी सावकाश खाली जातो. कॅमेऱ्यातल्या कोणत्याही स्टॅबिलायझेशनने हे काम केले नसते. अर्थात स्वतःची बॉयन्सी (पाण्यात एका पातळीवर तरंगत राहणे) सांभाळता येत नसेल तर फ्लोट आर्मही काही करू शकत नाही, आणि प्रवाळावर गुडघे टेकून चित्रीकरण करणाऱ्यांबद्दल मी इथे काही बोलत नाही.

आता अपघाताची गोष्ट. चौथ्या महिन्यात, बोटीवर घाईघाईत बॅटरी बदलून हाउसिंग बंद केले. तीन मीटरवर पोर्टच्या खालच्या कडेला चमचाभर पाणी डुलताना दिसले. मी लगेच वर आलो, संच पोर्ट खाली येईल असा धरून ठेवला आणि कॅमेरा वाचला. वर येऊन उघडले तर ओ-रिंगवर (पाणी आत येऊ न देणाऱ्या रबरी कड्यावर) एक केस आडवा पडलेला होता, माझाच. गंमत अशी की गळती बहुधा खोलीवर होत नाही, पहिल्या काही मीटरमध्ये होते, कारण खाली दाब ओ-रिंगला खाचेत घट्ट बसवतो. तेव्हापासून मी व्हॅक्यूम पंप वापरतो : हाउसिंगमधली हवा थोडी ओढून घ्यायची, वीस मिनिटे हिरवा दिवा टिकतो का पाहायचे आणि मगच पाण्यात उतरायचे. ओ-रिंगला ग्रीस लावायचे ते केवळ चकाकी येण्यापुरते. जास्त लावले की त्यालाच वाळू चिकटते.

बॅटरी एका डाइव्हला पुरते आणि दुसरीच्या मध्यावर मान टाकते. त्यामुळे मी दोन डाइव्हच्या मध्ये ती नेमाने बदलतो, पण आता कोरड्या जागी, हात पुसून आणि डोक्याला रुमाल बांधून. हाउसिंग दमट हवेत बंद केले तर आत धुके धरते, म्हणून सिलिका जेलच्या दोन पुड्या कायम आत असतात.

फोर-के नसल्याची उणीव मला एकाच ठिकाणी जाणवते : लहानसा मासा चौकटीच्या कोपऱ्यात गेला तर नंतर कापून मोठा करता येत नाही. ज्यांना नखाएवढ्या समुद्री गोगलगाईच टिपायच्या आहेत, त्यांनी माझ्या वाटेने न जाता ऑलिंपस टीजी-६चा विचार करावा. तो विषयाच्या एक सेंटिमीटर जवळून फोकस करतो आणि हाउसिंगशिवायही १५ मीटरपर्यंत जलरोधक आहे, त्यामुळे हाउसिंग गळले तरी कॅमेरा लगेच हातचा जात नाही. त्यात पूर्ण मॅन्युअल एक्स्पोजर नाही आणि सेन्सर बराच लहान आहे, हे पत्करावे लागते. मोठे मासे, उघडे पाणी आणि अंधुक प्रकाश हे तुमचे विषय असतील तर एक इंची सेन्सरच घ्यावा.

हरवलेला लाल परत आणण्यासाठी लेन्सपुढे लावायचा लाल फिल्टरही मी घेतला होता. तो प्रकाश बराच खातो, लाइट लावले की काढावा लागतो, आणि व्हाइट बॅलन्स नीट ठरत असेल तर त्याची गरज उरत नाही. चार डाइव्हनंतर तो खणात गेला, तो अजून तिथेच आहे.